अण्णांचा खालचा स्वर

अण्णा सिनेमा पडद्याकडे पाठ करून बघायचे. हे कुणाला सांगितलं की मी मीठमसाला लावून सांगतेय असं वाटतं, पण वाकडच्या मॉलमधल्या थिएटरात मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीनं आम्हाला सिनेमा दाखवला होता. दिवे गेले, नावं सुरू झाली आणि अण्णांनी चपला काढल्या, खुर्चीवर उलटे गुडघे टेकले, तिच्या पाठीवर कोपरं रोवली आणि डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली. मागच्या रांगेत एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांना आता पडद्याच्या खालच्या कडेला अण्णांच्या मिशा दिसत होत्या.

बॅटरी घेऊन थिएटरचा माणूस आला.

"सर, काही प्रॉब्लेम आहे का?"

"काय न्हाई. मी ऐकायला आलोय."

"समोर बघून ऐका ना सर."

"समोर बघितलं की डोळंच सगळं खाऊन टाकत्यात. कानाला कायबी उरत न्हाई."

त्या बिचाऱ्यानं मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांना ओळखतच नसल्यासारखी पॉपकॉर्न खात राहिले. शेवटी तडजोड झाली. अण्णा सगळ्यात मागं गेले आणि भिंतीला दोन्ही तळवे टेकून, भिंतीकडेच तोंड करून सिनेमा संपेपर्यंत उभे राहिले. मध्ये गाणी लागली तेवढी ते बाहेर जाऊन चहा पिऊन आले.

अण्णांना सिनेमातलं पार्श्वसंगीत आवडायचं. फक्त पार्श्वसंगीत, ज्याला ते 'बॅकग्राउंड' म्हणायचे. माणूस जिना चढतोय, बाई खिडकी लावतेय, दोन भाऊ एकमेकांकडे न बघता जेवतायत, तेव्हा मागं जे काही वाजत असतं आणि आपलं ज्याच्याकडे लक्ष नसतं, ते. गाण्यांबद्दल त्यांचं मत वाईट नव्हतं, मतच नव्हतं. मी कंपनीत नवीन असताना त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, बॅकग्राउंडला तुमी कुणाच्या?" मी म्हणाले, मला जुनी गाणी आवडतात. त्यांनी मान हलवली आणि मला कंपनीच्या बसमधली खिडकीची सीट देऊन टाकली. म्हणजे तुम्ही झोपा, हे तुमच्या कामाचं नाही.

पुढं कधीतरी त्यांनी मला ते समजावूनही सांगितलं होतं. "गाणं पाव्हण्यासारखं असतंय मॅडम. सांगून येतं, मिरवून घेतं, जातं. बॅकग्राउंड घरातल्या माणसागत. हाय तवर कळत न्हाई, हाय म्हणून."

अण्णा जुन्या सांगवीचे. पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारं घर, नदीकाठची जमीन, आणि आता त्या जमिनीवर त्यांच्याच नावाच्या दोन बिल्डिंगा. भाड्यावर घर आरामात चाललं असतं. चाकणच्या आमच्या कंपनीत, टूलरूममध्ये, ऑइलनं हात काळे करायची त्यांना काहीएक गरज नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरी बसून भांडायचं कुणाशी?" त्यात गंमत अशी की टूलरूममध्ये ते कुणाशी भांडायचे नाहीत. अण्णा नोकरी करायचे ती बससाठी.

आमची बस सांगवीहून निघायची, पिंपरीतून माणसं घ्यायची आणि भोसरी, मोशी करत चाकणला जायची. बाकीच्या बसमध्ये लोक कानात वायर घालून झोपतात. आमच्या बसमध्ये पिंपरी येईपर्यंतच झोपता यायचं. पिंपरीला मास्तर चढायचे आणि चढता चढताच, डबा वरच्या फळीवर ठेवायच्या आधी, म्हणायचे, "अण्णा, काल रात्रभर विचार केला. तुमच्या साहेबांना थांबता येत नाही."

मास्तर कुठल्या शाळेत नव्हते. पेंट शॉपला सुपरवायझर होते. त्यांचे वडील पिंपरीच्याच एका कारखान्यात कामगार, आणि मास्तर तरुणपणी वस्तीतल्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. जयंतीला रात्ररात्र कार्यक्रम करायचे, पोरांना वाजवायला शिकवायचे, तिथलं 'मास्तर' त्यांना चिकटलं ते कायमचं. बारीक, नीट भांग पाडलेले, शर्टाला इस्त्री. बोलणंही तसंच इस्त्री केलेलं. अण्णांचा आवाज बसच्या मागच्या काचेपर्यंत जायचा. मास्तर आवाज खाली ठेवायचे आणि म्हणून सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागायचं.

भांडण एकच होतं, दोन संगीतकारांचं. अण्णांचा देव भरघोस वाजवणारा. पन्नास व्हायोलिनं, मोठे ढोल, दार उघडलं तरी त्याचा समारंभ. मास्तरांचा देव कंजूष. एक बासरी, मग बराच वेळ काही नाही, मग कुठंतरी एक टण्. नावं मी सांगत नाही. एक तर सांगितली की वाचणारे लगेच कुणाची तरी बाजू घेतील आणि अण्णा राहतील बाजूला. दुसरं म्हणजे आमच्या बसमध्ये नाव घ्यायला बंदी होती. मास्तरांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं की मोठ्या माणसाचं नाव घेताना कानाला हात लावायचा. बसमध्ये एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्यात डबा. कान धरणार कशानं? म्हणून नावच घ्यायचं नाही. 'आमचे साहेब' आणि 'तुमचे साहेब', एवढ्यावर त्या दोघांची वर्षानुवर्षं गेली.

आणि गंमत म्हणजे भांडण जितकं चढायचं तितकं अहो-जाहो वाढायचं. "मास्तर, तुमी जरा इचार करून बोलत जावा," असं अण्णा म्हणाले की ओळखायचं, आता ते खरोखर चिडलेत. बसमध्ये दोन्ही बाजूंना माणसं होती. लातूरचा एक फिटर अण्णांच्या पक्षात होता आणि अण्णा काही बोलायच्या आधीच "बरोबर हाय" म्हणायचा. मास्तरांच्या पक्षात माणसं कमी. ते म्हणायचे, आमच्या साहेबांसारखंच आहे, मोजकं.

कंपनीतही अण्णा गुणगुणायचे, पण गाणं नव्हे. कुणी मोठे साहेब शॉप फ्लोअरवर आले की अण्णांच्या मशीनपाशी एक भयंकर, सरपटत येणारी सुरावट सुरू व्हायची. प्लँट हेडनी एकदा विचारलं, "हे काय चाललंय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी आला की हेच लागतं." कँटीनमध्ये आमटीचं पातेलं येताना ते व्हायोलिनं वाजवायचे. एचआरच्या बाईंसाठी मात्र एक फार सुंदर, उदास तुकडा होता. माणसं कमी करायची यादी नेहमी त्यांनाच वाचून दाखवावी लागायची, म्हणून असेल.

त्यांच्या मुलाच्या लग्नाची गोष्ट आमच्या बसमध्ये अजून निघते. मोठं लॉन, हजारभर माणूस, नावाजलेला बँड. शेवटचं मंगलाष्टक झालं, गुरुजींचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला आणि काहीच वाजलं नाही. अक्षता घेतलेले हात वरच्या वर राहिले. गुरुजींनी बँडकडे बघितलं, बँडनं अण्णांकडे. अण्णा नवरानवरीकडे पाठ करून, डोळे मिटून उभे. लोकांना वाटलं लाइट गेली, पण लाइट होती. त्या शांततेत नवरीनं हार उचलला आणि तिच्या बांगड्यांचा आवाज लॉनच्या टोकापर्यंत आला. मला खोटं बोलायचं नाही, माझ्या अंगावर काटा आला. मग कुणा आत्याबाईंनी वैतागून अक्षता टाकल्या आणि लग्न पुढं सरकलं. अण्णांच्या बायकोनं सत्यनारायण होईपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला.

जेवताना मास्तर मठ्ठ्याचा ग्लास घेऊन अण्णांपाशी आले. "अण्णा, तुमच्या साहेबांनी तिथं पन्नास व्हायोलिनं वाजवली असती. हे आमच्या साहेबांचं काम आहे."

"बँडवाल्यानं घोळ घातला," अण्णा म्हणाले.

बँडवाला शेजारीच जेवत होता. त्यानं वर बघितलं, आणि परत जेवायला लागला.

अण्णा हार मानायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांची एक जागा होती, तिथं ते भांडायचेसुद्धा नाहीत. नुसते सांगायचे आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. त्यांच्या साहेबांचा एक जुना सिनेमा आहे. एक माणूस तुरुंगातून सुटून गावी येतो. घराचं दार उघडं असतं. तो हाक मारत नाही. ओसरीवर बसतो, पायातली चप्पल काढतो, परत घालतो. घरात आता कुणी राहत नाही, हे त्याला कळतं आणि आपल्यालाही.

"तिथं साहेबांनी एकच स्वर धरलाय," अण्णा म्हणायचे. "लई खालचा. कानाला न्हाई कळत, बरगडीला कळतो. एवढी व्हायोलिनं जवळ असताना एकच स्वर. तुमच्या साहेबांना जमंल का मास्तर?"

मास्तरांनी तो सिनेमा बघितलेला नव्हता. ते म्हणायचे, असेल. आणि विषय बदलायचे.

तो स्वर अण्णांना इतका जवळचा का, हे मला एकदा मोशीच्या ट्रॅफिकमध्ये कळलं. बस तासभर हलली नव्हती आणि मास्तर त्या दिवशी रजेवर होते. अण्णा ट्रेनी असताना त्यांचे वडील गेले. घर माणसांनी भरलेलं, रडारड चाललेली, आणि यांना घरात थांबवेना. रोज कामावरून सुटून ते पिंपरीच्या एका टॉकीजला सहाच्या खेळाला जायचे. आठवडाभर हाच सिनेमा. पडद्यावर ते रिकामं घर बघवायचं नाही म्हणून मागं भिंतीशी जायचे, भिंतीला हात टेकून उभे राहायचे आणि नुसतं ऐकायचे. "तो स्वर यायचा तवा भिंत पण थरथरायची, मॅडम. तळहाताला कळायचं. कुणीतरी पलीकडून हात लावल्यागत." पाठ करून सिनेमा बघायची सवय तिथली.

ते टॉकीज आता नाही. तिथं कपड्यांचं दुकान आहे.

मग तो सिनेमा मोबाइलवर आला. नवा, स्वच्छ करून. मास्तरांनी बघितला आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्यावर अण्णांच्या शेजारी बसले. वायरचं एक बोंडुक त्यांनी अण्णांच्या कानात घातलं, एक स्वतःच्या. तुरुंगातून सुटलेला माणूस आला, बसला, चप्पल काढली, घातली. अण्णांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळानं उघडले.

"फोन हाय ह्यो. फोनला खालचं ऐकू येत न्हाई."

हे तसं खरं होतं, म्हणून मास्तरांनी मान्य केलं आणि रविवारी वस्तीतल्या हॉलमध्ये गायन पार्टीचे मोठे स्पीकर लावले. आमची अर्धी बस आली होती. मास्तरांच्या घरून पोहे आले. सिनेमा लावला. त्या स्पीकरवर चप्पल काढल्याचा आवाज असा आला, जणू हॉलमध्ये कुणी काढली. कावळा ओरडला तो ऐकू आला. स्वर नव्हता. अण्णा भिंतीला तळवे टेकून उभे होते. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मास्तरांनी पुन्हा लावला.

"कॉपी साफ करताना पुसला त्यांनी," अण्णा म्हणाले. "घाण काढताना स्वर पण गेला. पिंपरीच्या टॉकीजात मागल्या भिंतीला हात लावला तरी कळायचा."

तेव्हा मास्तर उठले आणि त्यांच्या पद्धतीनं हळू बोलले. "अण्णा, त्या टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून जनरेटर होता. संध्याकाळी लाइट जायची, तो सुरू व्हायचा. त्याच्या पलीकडं आमची खोली. मी त्या आवाजात अभ्यास करून दहावी झालो. बाकी वेळी तुमच्या साहेबांची व्हायोलिनं चालू असायची म्हणून तुम्हाला तो ऐकू नाही यायचा. त्या सीनला सगळं थांबलं आणि तुम्हाला ऐकू आला. साहेबांनी तिथं काहीच वाजवलेलं नाही." मग त्यांना राहवलं नाही. "आयुष्यात एकदाच तुमचे साहेब आमच्या साहेबांसारखे वागले, अण्णा. आणि तेवढंच तुम्ही ऐकलं नाही."

सगळे हसले. लातूरचा फिटरसुद्धा हसला. अण्णांनी चपला घातल्या आणि पोहे न खाता गेले.

काही दिवस ते बसमध्ये पुढं, ड्रायव्हरच्या मागं बसायचे. मग एका सकाळी मास्तर चढल्या चढल्या ते मागं वळून म्हणाले, "मास्तर, स्वर व्हता." आणि गाडी रुळावर आली. त्या दिवसापासून मात्र भांडणाचा शेवट रोज एकाच जागी व्हायचा. चाकणचं गेट दिसलं की मास्तर म्हणायचे, "एकदा म्हणा, जनरेटर होता." अण्णा म्हणायचे, "स्वर व्हता." आणि दोघं आपापल्या शॉपला जायचे.

मास्तर आजारी पडले ते फुप्फुसांनी. आधी खोकला म्हणून रजा, मग रजा वाढत गेली, मग पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना ठेवलं. बसमधले लोक आळीपाळीनं जायचे. मी गेले तेव्हा त्यांचा भांग तसाच नीट होता. माणसाचं बाकी सगळं कमी झालं होतं. मास्क बाजूला करून ते मला म्हणाले, "अण्णांना सांगा. एकदाच म्हणा म्हणावं. मग मी काही मागत नाही." हसत म्हणाले, पण मला ते हसणं पुरेसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांनी अण्णांना घेरलं. डॉक्टरांनी घरच्यांना काय सांगितलंय ते आता सगळ्यांना माहीत होतं. फिटर म्हणाला, "अण्णा, म्हणून टाका की ओ. आम्ही कुठं धरून बसलालाव?" मी म्हणाले, "दोन शब्द आहेत. काय जातं तुमचं?"

"माझंच जातंय," अण्णा म्हणाले. एवढंच.

तरी दुपारच्या भेटीच्या वेळी ते माझ्याबरोबर आले. मला वाटलं, आले म्हणजे म्हणणार. मास्तरांच्या बायको कॉटपाशी स्टुलावर बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. अण्णा बसले नाहीत. कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन होतं आणि ते एकसारखं घुमत होतं. मास्तरांनी त्याच्याकडे बोट केलं. मास्कमधून त्यांचा आवाज आणखीच बारीक येत होता.

"ऐका अण्णा. तुमच्या साहेबांचा खालचा स्वर."

अण्णा वळले. मास्तरांकडे पाठ केली, भिंतीला दोन्ही तळवे टेकले आणि डोळे मिटले. वॉर्डातले लोक बघायला लागले. बराच वेळ ते तसे उभे होते. मी मनात म्हणत होते, म्हणा आता, म्हणून टाका.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्यो वरचा हाय, मास्तर. पत्र्याचा. साहेबांचा याच्या लई खाली व्हता."

मास्तरांनी मास्कच काढला. "अण्णा, मी त्या जनरेटरशेजारी राहिलोय."

"तुमी शेजारी व्हता. म्हणूनच तुमाला सवय झाली. तुमाला त्यातला स्वर काय कळणार?"

"म्हणजे जनरेटर होता हे कबूल?"

"कोण म्हणतंय? जनरेटर असंल. स्वरपण व्हता."

"तुमी जरा विचार करून बोला अण्णा," मास्तर अण्णांच्याच थाटात म्हणाले आणि हसले, हसता हसता खोकला लागला, नर्स आली आणि तिनं आम्हाला बाहेर काढलं.

कॉरिडॉरमध्ये मी अण्णांना बोलले. मरणाऱ्या माणसाचं एवढं मन राखता येत नाही तर कसली ही मैत्री, असं काहीतरी बोलले. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते फरशीकडे बघत होते. तेवढ्यात मास्तरांच्या बायको बाहेर आल्या. आता ही बाई काय बोलेल, या भीतीनं मी गप्प झाले.

"अण्णा, उद्या परत या," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज हो म्हणाला असतात ना, तर डॉक्टरांनी काय सांगितलंय ते यांना कळलं असतं."

अण्णांनी मान हलवली. ते रोज जात राहिले, कंपनीतून हाफ डे टाकून. नर्सनं रोज त्यांना बाहेर काढलं. मग एका सकाळी बस पिंपरीला थांबली तेव्हा ड्रायव्हरला निरोप आला होता.

मास्तरांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, आम्ही सगळे गेलो. त्याच हॉलमध्ये, तेच स्पीकर. वंदना झाली, दोघेचौघे बोलले, आणि कुणीतरी अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. अण्णा उठले, माइकपाशी गेले, उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. लोकांना वाटलं, कंठ दाटला असेल. तसंही असेल. मास्तरांच्या बायको मात्र मान खाली घालून, अगदी मन लावून ऐकत होत्या. मग अण्णा जागेवर येऊन बसले.

त्यानंतरचे काही आठवडे बसमध्ये झोपता यायला लागलं. इतकी वर्षं मला बसमध्ये झोप हवी असायची. ती मिळाली आणि नकोशी झाली. पिंपरीचा थांबा आला की सगळे उगाच मोबाइल बघायचे.

एके दिवशी फिटरनं गप्पा सुरू करायच्या म्हणून केल्या. चांगल्याच मनानं. "आता मैदान मोकळंच हाय की ओ अण्णा. तसंबी मास्तरच्या साहेबात काय दम नव्हता. दोन बासऱ्या वाजवायच्या आन् गप बसायचं."

अण्णा पुढं बसले होते. ते उठले. चालत्या बसमध्ये दांडा धरत धरत मागं आले आणि मास्तरांच्या सीटवर बसले.

"गप बसायला काय लागतंय, ठावं हाय का तुला?" ते म्हणाले. "तुझ्या साहेबाला सांग एकदा गप बसून दाखवायला. जमायचं न्हाई. ज्याला भ्या वाटतं त्यो वाजवत ऱ्हातो."

'तुझ्या साहेबाला.' हे मास्तरांचं वाक्य होतं, शब्दन् शब्द, फक्त इस्त्री मोडलेली. फिटरला वाटलं अण्णा चेष्टा करतायत. पण अण्णा भोसरी संपेपर्यंत भांडले, दुसऱ्या दिवशीही भांडले. मास्तरांचे सगळे मुद्दे त्यांना पाठ होते. इतकी वर्षं ते खोडायचे म्हणून ऐकले होते, आता तेच मांडायचे. मास्तरांपेक्षा आवाज मोठा, त्यामुळे मास्तरांचे साहेब आता बसच्या मागच्या काचेपर्यंत जायला लागले. रोज हरून हरून फिटर रडकुंडीला आला. ज्या माणसाच्या मागं उभं राहून तो "बरोबर हाय" म्हणायचा, तोच आता समोर होता.

शेवटी एकदा, मोशीच्या पुढं, बस अडकलेली असताना, त्याला सुचलं. मला ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"बरं," तो म्हणाला. "आन् त्यो तुरुंगातून सुटलेला माणूस? दार उघडं हाय, त्यो चप्पल काढलालाय, आन् त्यो खालचा स्वर? त्याचं काय करणार, अण्णा? तुम्हीच तर शिकवलाव आम्हाला."

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. अण्णांनी उजवा तळवा खिडकीच्या काचेवर ठेवला होता. बसचं इंजिन चालू होतं, काच थरथरत होती. त्यांनी हात तिथंच राहू दिला.

"जनरेटर व्हता त्यो," अण्णा म्हणाले. "टॉकीजच्या मागल्या भिंतीला. साहेबांनी तिथं कायबी वाजवलेलं न्हाई."

फिटर हळूच म्हणाला, "मग हे मास्तरला का न्हाई सांगितलाव? इतकं म्हणत व्हते बिचारे."

"त्यांच्यासमोर कोण कबूल करतंय," अण्णा म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.